आधी छप्पर, मग कागद

परवा आमच्याकडे जेवताना वाद रंगला. विषय, रस्त्याकडेला पाल टाकून राहणारे पारधी. "त्यांना घरं दिली तरी ते राहत नाहीत," असं काकांचं म्हणणं. काका, राग मानू नका, पण आसपास कुठेही चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा ज्या दाराशी येतात, त्या घरात माणूस टिकेल कसा?

पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत मोडतात. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अशा कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. शिक्का अजून पुसला गेलेला नाही.

आता पोटासाठी संभाजीनगरात आलेल्या एका पारधी बाईचा विचार करा. पाल पुलाखाली, लेकरं कुशीत. रात्री नवऱ्याने मारलं, किंवा कुणी परका पालात शिरला, तर ती जाणार कुठे? पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, पत्ता काय? मग, समाज कुठला? उत्तर दिलं की आपल्याच माणसांची झडती सुरू होईल, ही भीती. म्हणून ती गप्प बसते, आणि तिच्यावरच्या अत्याचाराची कुठे नोंदच होत नाही.

कायदे नाहीत असं नाही बरं का. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने बाईला राहत्या घरात राहायचा हक्क दिला. पण घरच नसेल तर? त्याच कायद्याचं कलम ६ सांगतं की पीडितेने आसरा मागितला तर निवारागृहाने तो द्यायलाच हवा. ॲट्रॉसिटी कायदाही आहे. पण तिथे जातीचा दाखला विचारतात, आणि दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून राहत असल्याचा पुरावा! ज्या आजोबांना कुठल्याच गावाने थारा दिला नाही, त्यांच्या रहिवासाचा कागद नातीने आणायचा कुठून?

शहरी बेघरांसाठी निकष आहे, लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक कायमचा निवारा. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर पावणेबारा लाखांचं होतं. म्हणजे तेव्हाच्या हिशेबानेच किमान अकरा निवारे हवेत. त्यातले किती फक्त बायकांसाठी आहेत? मध्यरात्री लेकरांसकट आलेल्या बाईला कागद न मागता दार उघडणारे किती? महापालिकेला हे आपण विचारायला हवं.

माझं म्हणणं सरळ आहे. आधी छप्पर द्या, तक्रार लिहून घ्या. दाखल्यासाठी तिला खेटे घालायला लावण्यापेक्षा अधिकाऱ्यांनीच पालावर जाऊन चौकशी करावी.

असो. बरंच लिहिलं. तुमच्या गावात अशा बायकांना रात्री दार उघडणारं कुणी आहे का? असेल तर जरूर कळवा.