विश्लेषण : गेमिंगसाठी जुन्या पीसीचा प्रोसेसर बदलावा का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. त्याच सुमारास रॅमचे भावही झपाट्याने चढू लागले. या दोन गोष्टींमुळे सात-आठ वर्षे जुन्या पीसीचे गणित बदलले आहे. गेम अडखळू लागला की पहिला विचार येतो तो प्रोसेसर बदलण्याचा. पण कर्जत-खालापूर परिसरात ज्या घरी एकच पीसी आहे, तिथे गेम, प्रवेशाचे अर्ज आणि बँकेचे व्यवहार सगळे त्याच एका यंत्रावर चालते. त्यामुळे प्रश्न फक्त गेमच्या वेगाचा उरत नाही. खर्च केल्यावर पीसी आणखी किती वर्षे सुरक्षित चालेल, हेही पाहावे लागते.

दोष खरंच प्रोसेसरचा आहे का?

हे घरबसल्या, फुकटात तपासता येते. गेममध्ये रिझोल्यूशन १०८० पी वरून ७२० पी करा. एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, चांगल्याच वाढल्या तर अडचण ग्राफिक्स कार्डाची आहे. तेव्हा प्रोसेसर बदलून फारसा फरक पडणार नाही. आकडा जिथल्या तिथे राहिला तर संशय प्रोसेसरवर जातो. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या गेममध्ये प्रोसेसरवर जास्त भार येतो.

तरीही आधी चार गोष्टी पाहाव्यात. ८ जीबी रॅमची एकच पट्टी असेल, तर जोडीला तशीच दुसरी पट्टी लावल्याने झटके कमी होऊ शकतात. गेम हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडी लावून पाहावी. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला साठपेक्षा जास्त फ्रेम तो दाखवूच शकत नाही. आणि पिंग वाढल्यामुळे गेम अडकत असेल, तर तो प्रश्न इंटरनेटचा आहे. कितीही महाग प्रोसेसर लावला तरी पिंग कमी होत नाही.

एकाच वर्षाचे दोन पीसी, उत्तरे उलट

खरी मेख मदरबोर्डमध्ये आहे. २०१७ साली घेतलेले दोन पीसी समोर ठेवू. एकात इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर, दुसऱ्यात एएमडीचा पहिल्या पिढीचा रायझन. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत सर्वसाधारणपणे इंटेलची आठवी पिढी आणि रायझनची २००० मालिका यांपासून पुढचे प्रोसेसर येतात. म्हणजे आज हे दोन्ही पीसी यादीबाहेर आहेत.

इंटेलच्या त्या बोर्डावर बसणारा वरचा प्रोसेसर म्हणजे कोअर आय-७ ७७००के. तोही सातव्याच पिढीचा, म्हणजे यादीबाहेरचाच. आठव्या पिढीचा सॉकेटही एलजीए ११५१ याच नावाचा आहे, पण तो प्रोसेसर या जुन्या बोर्डावर चालत नाही. नाव सारखे पाहून खरेदी केली तर पैसे अडकतात. इथे प्रोसेसरवर खर्च करणे म्हणजे बंद गल्लीत शिरणे.

रायझनच्या पीसीची गोष्ट वेगळी. त्याच्या एएम४ सॉकेटच्या अनेक बोर्डांवर बायोस अपडेट केल्यावर रायझन ५ ५६०० सारखा प्रोसेसर चालतो. २०२२ मध्ये एएमडीने बी३५०, एक्स३७० या सर्वांत जुन्या बोर्डांसाठीही ही वाट मोकळी केली. जुनी रॅम, जुना बोर्ड तसाच राहतो, गेमचा वेग वाढतो आणि प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत येतो. अट एकच : बोर्डाच्या कंपनीने तसे बायोस दिलेले हवे. आपल्या बोर्डाच्या मॉडेलची यादी कंपनीच्या संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बोर्डही बदलायचा म्हटलं तर?

मग नव्या बोर्डासोबत बहुधा नवी रॅमही लागते. चौथ्या पिढीच्या आणि त्याआधीच्या पीसीतील डीडीआर३ रॅम नव्या बोर्डावर बसत नाही. रॅम महागण्याचे मुख्य कारण एआय डेटा सेंटर. मेमरी चिप बनवणाऱ्या सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या मोठ्या कंपन्या आपले उत्पादन तिकडे वळवत आहेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. अशा वेळी बोर्ड, रॅम आणि प्रोसेसर तिन्ही घेणे म्हणजे जवळपास नवा पीसीच. कंपन्यांतून निघालेले ब्रँडेड रिफर्बिश्ड पीसी असतील तर आणखी एक अडचण : त्यांचा पॉवर सप्लाय अनेकदा छोटा आणि वेगळ्या आकाराचा असतो.

कर्जत-खालापूरकरांनी काय पाहावं?

सुट्या भागांसाठी मुंबईतील लॅमिंग्टन रोड हा मोठा बाजार. कर्जत किंवा खोपोलीहून लोकलने दादर आणि तिथून गाडी बदलून ग्रँट रोड. कर्जत ते सीएसएमटी अंतरच सुमारे १०० किलोमीटर आहे. चुकीचा भाग आणला तर बदलून घेण्यात आणखी एक दिवस जातो. म्हणून निघण्यापूर्वी बोर्डाचे मॉडेल, बायोसची आवृत्ती आणि पॉवर सप्लायची क्षमता लिहून घ्यावी. दुकानातून जीएसटी बिल आणि वॉरंटी कोण देणार, हे लेखी घ्यावे.

बायोस अपडेट जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच करायचे असते आणि ते चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. पावसाळ्यात तर यूपीएसशिवाय या फंदात पडू नये.

घाई करावी का?

विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची जादा मुदत जाहीर केली. मायक्रोसॉफ्ट खाते जोडून सेटिंगचा बॅकअप चालू केल्यास ती मोफत मिळते. पळवाटेने विंडोज ११ टाकण्याचा मोह मात्र गेमरना महागात पडू शकतो : टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू नसेल तर विंडोज ११ वर व्हॅलोरंट चालत नाही.

हिशेब असा : अडचण प्रोसेसरचीच आहे, बोर्ड विंडोज ११ च्या यादीतला प्रोसेसर घेतो आणि रॅम बदलावी लागत नाही, या तिन्ही गोष्टी जुळत असतील तर खर्च करावा. एक जरी जुळत नसेल, तर सध्या एसएसडीवर भागवून उरलेले पैसे नव्या पीसीसाठी बाजूला ठेवणे शहाणपणाचे.