रिठ्याचा फेस आणि उष्णतेची कसोटी

बंगळूरच्या शिवाजीनगर भागात १९२७ साली बांधलेले रसेल मार्केट आहे. दक्षिणेतील अशा जुन्या बाजारांत वाळलेला रिठा अद्याप मागितला जातो. कन्नड भाषेत त्यास अंटुवाळ म्हणतात. रेशमी लुगडी धुण्यासाठी, केसांसाठी आणि सराफांच्या पेढ्यांवर दागिने उजळण्यासाठी त्याचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्या होत आलेला आहे. उष्णतेविषयीच्या दोन गोष्टी हे फळ वापरणाऱ्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक असतात. रिठा पाण्यात उकळला तर त्याचा फेस नाहीसा होत नाही, उलट सत्त्व अधिक उतरते. परंतु तोच रिठा कोरड्या तव्यावर विसरला गेला तर करपून कोळसा होतो. या दोन टोकांच्या मध्ये नेमके काय घडते, हे सांगण्याचे काम रसायनशास्त्राचे आहे, आणि ते सांगताना पुष्कळदा घाई होते.

रिठ्यातील फेस करणाऱ्या द्रव्यास सॅपोनिन म्हणतात. त्याच्या रेणूचे एक अंग शर्करेचे, म्हणजे पाण्याशी सलगी करणारे असते. दुसरे अंग तेलाकडे ओढ घेणारे असते. असे रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर गोळा होतात व त्याचा ताण कमी करतात. सूक्ष्म जंतूही अशी द्रव्ये निर्माण करतात. जार्विस व जॉन्सन यांनी १९४९ साली वर्णन केलेले रॅम्नोलिपिड आणि जपानी संशोधकांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेले सर्फॅक्टिन ही त्यांतील नामांकित उदाहरणे होत. सर्फॅक्टिनच्या अल्प मात्रेने पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला ७२ मिलिन्यूटनांवरून सुमारे २७ पर्यंत उतरतो. या सर्वांस जैव पृष्ठक्रियाकारक असे नाव आहे.

शाळेत द्रवणांक हा शुद्धतेचा पुरावा म्हणून शिकविला जातो. बेंझॉइक आम्ल १२२ अंश सेल्सिअसला, नॅफ्थॅलीन ८० अंशांला वितळते. हे वितळणे एखाद्या अंशाच्या आत पूर्ण झाले तर पदार्थ शुद्ध, लांबले तर भेसळ. सर्व रेणू एकसारखे असले म्हणजे स्फटिकाची रचना एकाच तापमानाला मोडते, हे त्यामागील कारण. हा नियम जैव पृष्ठक्रियाकारकांस जसाच्या तसा लावणे मात्र चुकीचे आहे. जंतूंनी केलेले रॅम्नोलिपिड हे एकच द्रव्य नसते. काही रेणूंत रॅम्नोज शर्करेचा एक घटक, काहींत दोन, आणि मेदाम्लांच्या साखळ्यांची लांबीही निरनिराळी. रिठ्याच्या सत्त्वात तर अनेक सॅपोनिने एकत्र नांदतात. असा पदार्थ तापविला असता प्रथम मऊ पडतो, मग गुळासारखा चिकट होतो, आणि पुरता पातळ होण्यापूर्वीच त्यातील शर्करेचा भाग तांबूस होऊ लागतो. साधी साखर शुद्ध असूनही हाच त्रास देते: ती वितळत असतानाच विघटन पावते, आणि तिचा द्रवणांक तापविण्याच्या वेगानुसार मागेपुढे सरकतो. मंद आचेवर पाक करणाऱ्या हलवायास हे नवे नाही.

म्हणून ‘अमुक द्रव्याचा द्रवणांक इतका’ असा एकच आकडा, तापविण्याचा वेग, नमुन्याचे वजन आणि तो हवेत तापविला की नायट्रोजनमध्ये, हे न सांगता छापणे म्हणजे अर्धेच विधान करणे होय. असे आकडे संपादकांनी स्वीकारू नयेत.

या कामासाठी दोन यंत्रे आहेत, आणि दोन्ही लागतात. पहिला औष्णिक तराजू. १९१५ साली जपानमध्ये होंडा यांनी त्यास हे नाव दिले. भट्टीत टांगलेल्या नमुन्याचे वजन तापमानासह कसे घटते ते तो दाखवितो. त्याची परीक्षा घ्यावयाची तर कॅल्शियम ऑक्झॅलेट ठेवावे: शंभर भागांतून आधी सुमारे १२ भाग पाणी, मग १९ भाग कार्बन मोनॉक्साइड आणि शेवटी ३० भाग कार्बन डायॉक्साइड, असे तीन स्पष्ट टप्पे दिसतात. परंतु वितळताना वजन मुळीच बदलत नाही, म्हणून वितळणे या तराजूस दिसत नाही. त्यासाठी नमुन्याने शोषलेली उष्णता मोजणारे दुसरे यंत्र हवे. त्याचा आजचा प्रकार १९६०च्या दशकारंभी सिद्ध झाला. उष्णता शोषली गेली आणि वजन ढळले नाही, तर ते वितळणे समजावे. दोन्ही एकाच वेळी बदलू लागली, तर ‘द्रवणांक’ हा शब्द मागे घ्यावा. शंभर अंशांच्या आसपास होणारी पहिली घट बहुधा मुरलेल्या ओलाव्याची असते. तिला विघटनाचा आरंभ म्हणणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. (बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच असल्याने तेथे पाणी ९७ अंशांलाच उकळते, द्रवणांकावर मात्र या उंचीचा परिणाम मोजण्याजोगा होत नाही.)

खरा प्रश्न यापुढचा आहे. वजन टिकले म्हणून गुण टिकला, असे ठरत नाही. सर्फॅक्टिनच्या रेणूत एक वलय असते; अल्कलीयुक्त पाण्यात ते उघडते, आणि उघडताना पाण्याचा एक रेणू त्यात सामावला जातो. म्हणजे वजन घटण्याऐवजी किंचित वाढते, आणि तरीही मूळचे द्रव्य उरत नाही. आम्लयुक्त गरम पाण्यात सॅपोनिनची शर्करा तशीच तुटून वेगळी होते. कोरड्या नमुन्यावरील आलेख दाखवून एखाद्या मालास ‘उष्णतासह’ म्हणणारा विक्रेता ग्राहकास अपुरी माहिती देतो, मग तो माल तेलविहिरीसाठी असो वा पाव भाजण्याच्या भट्टीसाठी. ज्या ओलाव्यात, ज्या आम्लतेत आणि जितका वेळ तो पदार्थ तापणार आहे, तितक्याच अवस्थेत त्यास तापवावे, थंड करावे आणि त्याचा पृष्ठताण पुन्हा मोजावा.

एवढ्यासाठी शाळेस मोठ्या यंत्राची वाट पाहावी लागत नाही. रिठ्याच्या गाळलेल्या काढ्याचे दोन समान भाग करावे. एक तसाच ठेवावा, दुसरा झाकून तासभर उकळावा आणि आटलेले पाणी भरून काढावे. दोन्ही निवल्यावर एकाच पिपेटमधून एक मिलिलिटर सोडून थेंब मोजावेत. ताण जितका कमी, तितका थेंब लहान, आणि तितके थेंब अधिक. पुढच्या खेपेस काढ्यात लिंबाचा रस पिळून तेच करावे, आणि थेंबांची संख्या वहीत पहिल्या दोहोंच्या शेजारी लिहावी.