दायमाबादच्या रथाला बैलच जुंपलेले आहेत

१९७४ साली श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला, झाडाची मुळे खणताना चार धातुशिल्पे हाती लागली: हत्ती, गेंडा, रेडा आणि सारथ्यासह रथ. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. रथाच्या जनावरांविषयी मात्र मतभेदाला जागाच नाही. जोखडाखाली दोन बैल आहेत. तरीही रथ म्हटला की घोडा, या सवयीने हे शिल्प ‘प्राचीन अश्वविद्येचा पुरावा’ म्हणून पुढे करणे हा त्या अनाम कारागिरावर अन्याय आहे.

आजच्या पाळीव घोड्यांचा वंश व्होल्गा-डॉनच्या गवताळ प्रदेशातला. इसवी सनपूर्व २२०० च्या सुमारास तो तेथून झपाट्याने फैलावला, असे २०२१ च्या जनुकीय अभ्यासाने दाखवले. वशिंडाचा बैल मात्र त्याच्या कित्येक सहस्रके आधी सिंधूच्या परिसरात माणसाळला होता. मग बैल जुंपण्यात कमीपणा तो कसला?

नगरच्या इतिहासात घोड्याचे खरे पर्व निजामशाहीचे. चौलच्या बंदरात अरबी घोडे उतरत. आणि १६२४ मध्ये भातवडीला मलिक अंबराने मोगल-आदिलशाही फौजांना धूळ चारली, ती चपळ स्वारांच्या जोरावर.