चूक पोटात घालू नका

हुबळीच्या देशपांडे नगरात माझ्याकडे संध्याकाळी चार-पाच मुलं पायथन शिकायला येतात. त्यातल्या एकानं ओळखीच्या किराणा दुकानासाठी बिलाचा प्रोग्रॅम लिहिला. "सर, कधीच बंद पडत नाही." खरंच पडत नव्हता. परवा ब्याडगी मिरचीचं वजन '2.5' ऐवजी '2,5' टाईप झालं आणि बिल आलं : वजन 0, रक्कम 0. अडीच किलो मिरची फुकट गेली, प्रोग्रॅमनं हूं की चूं केलं नाही. आत पाहिलं, तर वजन वाचणाऱ्या ओळीला 'ट्राय', खाली नुसतं 'एक्सेप्ट' आणि त्यात वजन शून्य. असं मोघम 'एक्सेप्ट' लूपमध्ये असलं की कंट्रोल-सीसुद्धा गिळलं जातं; 'कधीच बंद पडत नाही' हे त्याही अर्थानं खरं!

त्याचं म्हणणं, गिऱ्हाइकासमोर लाल अक्षरं नकोत. नकोतच. पण पायथननं 'व्हॅल्यूएरर' म्हणून ओळ क्रमांकासकट निरोप दिला होता. यानं निरोप्याचंच तोंड दाबलं. याला एरर हाताळणं नव्हे, दुखणं अंगावर काढणं म्हणतात.

मग त्यानं एरियन 5 रॉकेटचं उदाहरण पुढे केलं. 4 जून 1996. 64 बिटांचा दशांश आकडा 16 बिटांच्या पूर्णांकात मावला नाही, एक्सेप्शन कुणी पकडलं नाही, मुख्य आणि राखीव संगणक एकाच चुकीनं बंद पडले आणि उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत रॉकेट फुटलं. इथं पकडायला हवं होतं, हे मला मान्य. पण तो हिशेब एरियन 4 वरून तसाच उचललेला होता आणि उड्डाणानंतर त्याची गरजच नव्हती. म्हणून तो आकडा सोडून देता आला असता. मिरचीचं वजन कसं सोडणार?

एक्सेप्शनच नको, म्हणणारेही आहेत. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी 1980 च्या ट्युरिंग व्याख्यानात ती धोकादायक ठरवली. गो भाषेत फंक्शन चूक परत देतं. पण तीही अंडरस्कोर लिहून फेकता येतेच.

माझा आग्रह एवढाच : चूक नाव घेऊन पकडा, आणि जिथं तिचं काही करता येईल तिथंच पकडा. बाकीच्या वर जाऊ द्या. वर एकाच ठिकाणी सगळा ट्रेसबॅक लॉगमध्ये लिहा आणि थांबा.

मुलानं कोड बदलला. आता '2,5' टाकलं की 'वजन पुन्हा टाका' असं येतं आणि बिल पुढे सरकत नाही.