डबा उघडतो का?

घरचं यंत्र / यंत्रोबा

दिवाळीच्या फराळाला लंडनमधल्या डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गेलो होतो. हातात चकलीची डिश धरून एक पंचेचाळिशीचे गृहस्थ शेजारी येऊन बसले आणि आवाज जरा खाली आणून म्हणाले, "तुम्ही यंत्रांवर लिहिता ना? मुलासाठी जॉयस्टिक घ्यायचीये. ती मोठी, डब्याची. स्ट्रीट फायटर खेळायला. कुठली घेऊ?"

"मुलगा केवढाय?"

"आठ वर्षांचा."

"तो आत्ता कशावर खेळतो?"

"पॅडवर. मजेत खेळतो, मला हरवतो." मग चकलीचा एक तुकडा मोडत ते हसले. "खरं सांगू का, मलाच हवीये."

मंडळाची स्थापना १९३२ सालची. तेव्हापासून मंडळात नाना विषयांवर वाद झाले असतील, पण 'गेट चौकोनी बरं की अष्टकोनी' हा वाद बहुधा त्या संध्याकाळी पहिल्यांदाच रंगला. आमच्या भोवती आणखी दोघे-तिघे जमले. सगळे त्याच वयाचे, आणि सगळ्यांच्या लहानपणी कुठल्या ना कुठल्या स्टेशनजवळ एक व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. एक रुपयाचं नाणं, अंधारी खोली, खांद्यावरून डोकावणारी पोरं. 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हे त्या खेळाचं खरं नाव कुणालाच आठवेना, पण 'मुस्तफा' म्हटल्यावर सगळ्यांचे डोळे लकाकले.

त्या गृहस्थांना मी पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की जिंकण्यासाठी दांडा लागत नाही. २०१४ साली लास व्हेगासच्या 'इव्हो' स्पर्धेत 'अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४'चं विजेतेपद लफी नावाच्या फ्रेंच खेळाडूनं पटकावलं, तेही पहिल्या प्लेस्टेशनच्या जुनाट पॅडवर. तेव्हा 'पॅडवर हादोकेनचा डाव निघत नाही' ही तक्रार कुणी करू नये. कन्सोलच्या खोक्यात येतो तो पॅड पुरेसा आहे. दांडा घ्यायचा तर हौस म्हणून घ्यावा आणि ते आधी स्वतःशी कबूल करावं. म्हणजे दीडशे-दोनशे पौंड मोजताना 'मुलासाठी' असं खोटं बोलावं लागत नाही.

ही हौस या देशालाही नवी नाही. १९८२ साली केंब्रिजच्या सिंक्लेअरनं 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा घरगुती संगणक काढला, पण त्याला जॉयस्टिक जोडायला जागाच ठेवली नव्हती. बेडफर्डजवळच्या केम्पस्टन नावाच्या कंपनीनं ती सोय करणारा जोड विकला आणि तो इतका पसरला की 'केम्पस्टन' हा खेळांच्या सुरुवातीच्या यादीतला एक पर्यायच होऊन बसला. वेल्समधल्या कोनिक्सनं 'स्पीडकिंग' काढली. ती टेबलावर ठेवायची नव्हती, डाव्या मुठीत धरायची होती. मग १९८४ साली मँचेस्टरच्या ओशननं 'डेली थॉम्पसन्स डिकॅथलॉन' आणला. त्यात धावपटूला पळवायचं तर दांडा डावीकडे-उजवीकडे जिवाच्या आकांतानं हलवावा लागे. त्या एका खेळानं इथल्या किती घरांतले दांडे मोडले याच्या कहाण्या पन्नाशीतले इंग्रज अजून रंगवून सांगतात.

दांडा चांगला की वाईट हे असं खेळ ठरवतो. डेली थॉम्पसनला नुसती ताकद हवी होती. फायटिंग गेमला कोपरे हवे असतात.

हादोकेनचंच बघा. खाली, खाली-पुढे तिरका, पुढे आणि ठोसा. दांड्याखाली चार दिशांना चार मायक्रोस्विच असतात, म्हणजे चार खटके. तिरकी दिशा म्हणून वेगळा खटका नसतो. दोन शेजारचे खटके एकदम दाबले गेले की यंत्र ती तिरकी समजतं. खेळाचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं, आणि मधली तिरकी निसटली तर हादोकेनऐवजी आपला भिडू समोरच्यापुढे नुसता हवेत हात मारतो. दांडा किती दूर जाऊ शकतो हे ठरवणारी एक प्लॅस्टिकची चौकट खाली बसवलेली असते, तिला गेट म्हणतात. तोक्योच्या सान्वा कंपनीचा 'जेएलएफ' हा दांडा अनेक चांगल्या स्टिकांमध्ये असतो. त्याचं गेट मुळात चौकोनी, म्हणजे तिरक्या दिशा बरोबर कोपऱ्यात सापडतात. खाली-मागे दाबून दबा धरून बसणाऱ्यांना तो कोपरा आईच्या मांडीसारखा वाटतो.

नवशिक्यांना चौकोन खटकतो. दांडा गोल फिरवायला जावं तर कोपऱ्यात अडखळतो, म्हणून ते लगेच अष्टकोनी गेट मागवतात. माझं म्हणणं, तीन आठवडे थांबा. दांडा चौकटीच्या भिंतीला घासत फिरवायचा नसतोच. खटका वाजला की काम झालं, भिंतीपर्यंत जायची गरज नाही. हे मनगटाला उमगलं की चौकोन कुठे आहे याचा विसर पडतो. नाही पडला, तर अष्टकोनी गेट थोडक्या पैशांत मिळतं.

'टेकन' हा लढाईचा खेळ खेळणाऱ्यांचा पंथ निराळा. ते कोरियन दांड्याचे भक्त. त्यात स्प्रिंग नसते, दांड्याभोवती रबर असतं आणि हात सोडला की दांडा झटकन मध्यावर येतो. पुढे-मागे सरपटण्यासाठी त्यांना तेच हवं. स्ट्रीट फायटरच्या माणसानं केवळ कौतुकापोटी तो घेऊ नये, एवढंच सांगतो.

दांड्याच्या टोकावरून मंडळात खरी चर्चा झाली. जपानी दांड्यावर लिंबाएवढा गोळा असतो. तळहात वर करून, दोन बोटांमध्ये दांडी अडकवून तो धरतात, वाइनचा पेला धरावा तसा. आपल्याकडच्या पार्लरांत तो गोळा क्वचितच दिसे. तिथे होता खलबत्त्यातल्या बत्त्यासारखा लांबट दांडा, वरून मुठीत पकडायचा. गृहस्थांचा चेहरा पडला. "म्हणजे तो बत्ता नाहीच मिळणार?"

मिळतो. सान्वाच्या दांडीवर गोळा काढून बत्ता चढवता येतो, फक्त त्यासाठी डबा उघडावा लागतो. माझ्या मते स्टिक निवडताना विचारायचा एकच खरा प्रश्न आहे: हा डबा उघडतो का?

मी पहिली स्टिक घेतली तेव्हा वरचं रंगीत चित्र बघून घेतली. आठव्या महिन्यात एक बटण मेलं. उघडून बघतो तर सगळ्या तारा डाग देऊन पक्क्या केलेल्या, दांडा कंपनीचा स्वतःचा, मापं कुठल्याच सुट्या भागाशी न जुळणारी. अख्खी स्टिक कपाटावर गेली. चांगल्या डब्यात बटणं ३० मिलिमीटरची, ठरलेल्या मापाची असतात. चिमटा दाबला की वर निघतात आणि तारा टोपीसारख्या ओढून काढता येतात. दांड्याला पाच तारांची एक पट्टी. सगळं पाना-पेचकसाच्या हद्दीतलं. नवा जेएलएफ वीस-पंचवीस पौंडांत येतो. तेव्हा पैसे मोजायचे ते डब्यासाठी: त्याचं वजन, मांडीवर बसणारा तळ, खालचं रबर आणि उघडणारे स्क्रू. आतला माल बदलत राहतो.

एकच भाग लवकर म्हातारा होतो, तो म्हणजे आतला सर्किट बोर्ड. प्लेस्टेशन ४ची स्टिक प्लेस्टेशन ५च्या खेळांत सहसा चालत नाही. काही फायटिंग गेमवाल्यांनी मेहरबानी करून तिला वाट मोकळी ठेवलीये, पण त्या भरवशावर राहू नये. एक्सबॉक्सनं तर नोव्हेंबर २०२३ मध्ये परवाना नसलेल्या जोडण्यांना दार बंद केलं. तुमचा कन्सोल कुठला ते आधी बघा आणि खोक्यावर त्याचं नाव वाचा. पीसीवाला मात्र सुखी. त्याला बहुतेक सगळं चालतं. केंब्रिजच्याच रास्पबेरी पायनं जानेवारी २०२१ मध्ये 'पिको' नावाचा बोर्ड ३.६० पौंडांना विकायला काढला. हौशी मंडळींनी त्यावर 'जीपी२०४०-सीई' हे फुकटचं सॉफ्टवेअर रचलं आणि मेलेल्या स्टिकांमध्ये नवा मेंदू बसवायला सुरुवात केली. माझी ती कपाटावरची स्टिक अशीच उठून बसली, सगळ्या तारा कापून नव्यानं जोडल्यावर. एक रविवार गेला. आणि बायकोचा पेचकस.

दांडाच नसलेल्या डब्यांबद्दल न बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. तिथे दांड्याच्या जागी चार बटणं: डावी, खाली, उजवी बोटांखाली आणि उडी अंगठ्याला. पेटी वाजवावी तसं. दांड्याला मागून पुढे जायचं तर मधलं अंतर कापावं लागतं. बटणांना कापायला अंतरच नाही. मागे दाबून ठेवलेलं असतानाच पुढे दाबलं तर काय समजायचं, यावर मोठा वाद झाला. जपानचा खेळाडू दाइगो उमेहारा याला त्याची असली पेटी २०१९ मध्ये स्ट्रीट फायटर काढणाऱ्या कॅपकॉमच्या स्पर्धांत वापरू दिली नाही, आणि मग दोन विरुद्ध दिशा एकदम दाबल्या तर काय व्हावं याचे नियम लिहिले गेले. आज स्पर्धेला निघालेला तरुण मला विचारेल तर मी त्याला पेटीच घ्यायला सांगेन. मनगट वाचतं, चूक कमी होते. पण मंडळातल्या कुणालाही मी ती सुचवली नाही. ज्याच्या हाताला बत्त्याची आठवण आहे, त्याला पेटी देऊन काय करायचं?

आवाजाचा मुद्दा इथल्या घरांसाठी. ओळीतल्या घरांना सामाईक भिंत असते आणि रात्री अकरानंतर बटणांची खट्खट भिंतीतून आरामात पलीकडे जाते. आमच्या शेजारच्या आजींनी एकदा मला मोठ्या आदरानं विचारलं, "तुम्ही रात्री टाइपरायटरवर पुस्तक लिहिता का?" मी 'हो' म्हणालो. दुसऱ्या दिवशी सान्वाची बिनआवाजाची बटणं मागवली. ती दाबताना जरा गादीवर पाय दिल्यासारखं वाटतं, पण सवय होते. पुस्तक कुठवर आलंय, याची चौकशी त्या अजून करतात.

विकत घेताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. दुकानदाराकडून ऑनलाइन घेतलेली वस्तू हाती आल्यापासून १४ दिवसांत मन बदललं म्हणून परत करायचा हक्क कायद्यानं दिलाय. तोच माल एखाद्या खाजगी माणसाकडून जुना घेतला तर तो हक्क नाही. तरी मी जुनाच घ्या म्हणतो, कारण डबा झिजत नाही. आणि जपानहून मागवायचा मोह झाला तर १३५ पौंडांच्या वर २० टक्के व्हॅट दारात येऊन उभा राहतो, वर कुरिअरवाल्याचा हातखर्च.

त्याही आधी हात लावून बघा. समुद्रकाठच्या पिअरवरच्या आर्केडांत आता बाहुल्या उचलणारे पंजे आणि दोन पेन्सच्या नाण्यांची घसरगुंडी, लढाईचे खेळ फारसे उरले नाहीत. पण मँचेस्टरजवळ बरीला जुन्या गिरणीत 'आर्केड क्लब' आहे. एकदा तिकीट काढलं की आत नाणं टाकायला लागत नाही. बर्मिंगहॅमची 'व्हीएसफायटिंग' स्पर्धा बघायला गेलात तर खेळाडूंच्या चेहऱ्यांकडे बघू नका, मांड्यांकडे बघा. पॅड, दांडे, पेट्या, सगळं एका रांगेत दिसेल.

काल त्या गृहस्थांचा फोटो आला. जुनी, जड स्टिक घेतलीये. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर डबा उताणा. दांडीच्या खालच्या खाचेत चपटा पेचकस घालून ती पकडलीये आणि दुसऱ्या हातानं वरचा गोळा फिरवताहेत. शेजारी काळा बत्ता वाट बघतोय. स्टीलच्या वाटीत स्क्रू काढून ठेवलेत. फोटोखाली लिहिलंय, "मुलगा म्हणतो सहा होते. वाटीत पाचच आहेत."