झगमगाट फार, दाणा थोडा

वाचकहो, शेतीच्या साप्ताहिकात सिनेमाचे काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु संध्याकाळी धारा काढून झाल्या की घरातली पोरे मोबाइल घेऊन ओट्यावर बसतात. ती काय पाहतात हे आईबापांना ठाऊक असलेले बरे. म्हणून या आठवड्यात खता-बियाण्यांना रजा देऊन एका इंग्रजी चित्रपटाविषयी लिहितो. नाव ‘इमॉर्टल्स’, म्हणजे ‘अमर’. तो नोव्हेंबर २०११ मध्ये पडद्यावर आला. विषय ग्रीस देशाच्या पुराणातला, दिग्दर्शक मात्र पंजाबातील जालंधरला जन्मलेला तरसेम सिंग, आणि नायिका मुंबईची फ्रिडा पिंटो.

दिसायला चित्रपट फार देखणा आहे, हे आधी कबूल केले पाहिजे. उभ्या कड्यात कोरून काढलेले गाव, खाली खवळलेला समुद्र, सोन्याचे मुकुट घातलेले तरणेबांड देव. चारशे वर्षांपूर्वी इटलीत काराव्हाज्जो नावाचा चित्रकार होऊन गेला. त्याच्या चित्रांत एका बाजूने उजेड आणि बाकी सगळा काळोख असतो. त्याच धर्तीवर येथे माणसांचे चेहरे उजळले आहेत. कपडे एइको इशिओका या जपानी बाईंचे. याच कामासाठी १९९२ च्या एका चित्रपटाबद्दल त्यांना ऑस्कर मिळाले होते. ‘इमॉर्टल्स’नंतर थोड्याच दिवसांनी, जानेवारी २०१२ मध्ये त्या वारल्या. चार पुजारणींची लाल वस्त्रे एकदा पाहिली की विसरत नाहीत.

मग बिघडले कोठे? हायपेरियन नावाचा एक राजा आहे. त्याचे कुटुंब आजारात गेले. त्याने देवांना हात जोडले, पण देवांनी ऐकले नाही. तेव्हापासून त्याचा देवांवर राग. डोंगराच्या पोटात कोंडलेल्या टायटन नावाच्या जुन्या शक्तींना सोडवून देवांचाच नायनाट करावा, एवढ्यासाठी तो एक दैवी धनुष्य शोधत फिरतो. वाचकहो, येथे कथेला खरी ओल होती. आभाळाकडे पाहून हात जोडलेला आणि रिकाम्या हाताने परतलेला माणूस तुम्हाआम्हाला नवीन नाही. त्याचा राग कोठवर रास्त आणि कोठून पुढे तो आंधळा होतो, एवढ्यावर अख्खा चित्रपट उभा राहिला असता. पण हे दुःख दोन वाक्यांत उरकले आहे. पुढे हा राजा केवळ माणसे छळतो, आणि छळण्याचे प्रकारही मोठ्या हौसेने दाखवले आहेत.

नुसता युरिया मारलेला भात आठवा. बांधावरून पाहावा तर हिरवागार, काळोखी आलेला. शेजारी थांबून चौकशी करतो. जोराचा वारा आला की आडवा होतो, आणि लोंबी चोळून पाहावी तर निम्मे दाणे पोचट. तशी या चित्रपटाची गत आहे.

याचा नायक थीसियस. त्याची मूळ कथा किती भरीव आहे पाहा. बाप अथेन्सचा राजा. पोर जन्मण्याआधीच तो निघून गेला, पण जाताना एका शिळेखाली तलवार आणि वहाणा ठेवून गेला. मुलगा शिळा हलवण्याइतका झाला की ओळख घेऊन माझ्याकडे पाठव, असे बायकोला सांगून. मुलाने शिळा उचलली, वहाणा घातल्या आणि समुद्राची सोपी वाट सोडून दरोडेखोरांच्या वाटेने पायी निघाला. क्रीट बेटावर बैलाच्या तोंडाचा राक्षस भुलभुलैयात राहत असे. त्याला अथेन्सची सात मुले आणि सात मुली द्याव्या लागत. अभिमन्यूला चक्रव्यूहातून बाहेरची वाट ठाऊक नव्हती. थीसियसला ती अरियाडनी नावाच्या राजकन्येने दिली, साध्या दोऱ्याच्या गुंडीने. राक्षसाला मारून तो परतला. पण जिवंत आलो तर पांढरे शीड लावीन, असे बापाला दिलेले वचन विसरला. काळे शीड पाहून म्हाताऱ्याने समुद्रात उडी घेतली. त्या समुद्राला आजही एजियन म्हणतात, बापाच्या नावावरून.

चित्रपटात यातले काय उरले? शिळा नाही, वहाणा नाहीत, दोरा नाही, शीडही नाही. बैलमुखी राक्षस म्हणजे तारांचा मुखवटा घातलेला एक दांडगा माणूस. आईचा खून होतो खरा, पण ती आपल्याला पुरती ओळखीची होण्याआधीच. शेवटच्या लढाईत देवसुद्धा पटापट मरतात. अमरांनाही अमर मारू शकतात, असा खुलासा सुरुवातीलाच करून ठेवला आहे. त्यांच्याशी आपली ओळखच झालेली नसते, मग डोळ्यांत पाणी कोठून यावे?

तरीही चित्रपट चालला. सुमारे साडेसात कोटी डॉलर खर्च, आणि जगभरातून वीस कोटींच्या वर गल्ला. लहान मुलांना मात्र दाखवू नका. त्यात रक्त फार आहे, आणि माणसांना पितळी बैलात कोंडून भाजण्याचा प्रकार तर मोठ्यांनाही सोसत नाही.

याच तरसेम सिंगचा २००६ चा ‘द फॉल’ मात्र मोठ्यांनी जरूर पाहावा. नजर तीच, देखणेपण तेच, जोधपूरची निळी घरेसुद्धा त्यात आहेत. संत्र्याच्या बागेत फळे तोडताना पडून हात मोडलेली एक मजुराची पोर अमेरिकेतल्या इस्पितळात आहे. तेथे खाटेला खिळलेला एक जखमी नट तिला गोष्ट सांगतो. तो ‘इंडियन’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात अमेरिकेतला आदिवासी असतो. तिच्या डोळ्यांपुढे मात्र पगडीवाला हिंदुस्थानी उभा राहतो, कारण बागेत तिच्यासोबत तसाच एक माणूस काम करीत असतो. पुढे तो नट जीवाला कंटाळून गोष्टीतली माणसे एकेक करून मारू लागतो. तेव्हा ती पोर रडून त्याला अडवते. ही गोष्ट आता माझीही आहे, नायकाला मारू नकोस, असा हट्ट धरते, आणि त्याला तो मोडवत नाही.