हर्ष देणारी संख्या

कला शाखेत आलो म्हणजे गणित सुटले, असे संभाजीनगरातील आपल्या कट्ट्यावर सर्रास ऐकू येते. मला ते पटत नाही. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी, स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला 'हर्षद' म्हटले. म्हणजे हर्ष देणारी.

१२३४५६७८९८७६५४३२१ घ्या. हा १११११११११ चा वर्ग. मूळ संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून वर्गाला ८१ ने जातो; आणि वर्गाच्या अंकांची बेरीजही ८१! तेव्हा ही हर्षद ठरली.

कित्येकांनी कापरेकरांचे काम पोरखेळ मानले. परंतु मित्रहो, सारखेपणा हेरून त्याला नेमके नाव देणे, हेच तर आपण भाषेच्या वर्गात शिकतो. मग संख्याच परक्या का मानाव्यात?